आधी साखळी द्या

कुत्रं मागायला आलेल्या माणसाकडे किसनतात्या आधी साखळी मागायचे. घरात कुत्र्याची साखळी असेल ती आणा, गंजकी असो की नवी, ती इथं ठेवा आणि मग कुत्रं न्या. माणूस हसायचा. कुत्रं न्यायचं तर साखळी लागणारच की तात्या, म्हणायचा. तात्या हसायचे नाहीत. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये दारासमोरच्या भिंतीला एक जाड लाकडी खुंटी ठोकलेली होती. तिच्यावर साखळ्यांचा घोस लोंबत असायचा. तिकडे बोट करून ते म्हणायचे, "ह्या समद्यांनी दिल्या. तुला द्यायची नसंल तर चा पी आन् जा. कुत्रं मिळणार न्हाई."

आमच्या पिंपरी पेंढारमध्ये ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. हे आता कुणाला नवलानं सांगायची सोय राहिली नाही. मळ्यातल्या घराला कुत्रं लागतंच, आणि ते अंगणाच्या कडेला, उसाच्या अंगाला बांधायची आमची पद्धत. ते भुंकलं की आपण सावध व्हायचं. नाही भुंकलं तर सकाळी खुंट्याला साखळी तेवढी राहते. मग आम्ही "कुत्रं गेलं" एवढंच म्हणायचो आणि कुणाकडं पिल्लं झालीत का ते विचारायला लागायचो. मीही म्हटलेलं आहे, उगाच शहाणपण कशाला सांगू. तात्यांना ह्या पद्धतीचा भयंकर राग. "बांधलेलं कुत्रं म्हंजी बिबट्याला वाढलेलं ताट," ते म्हणायचे. "मोकळं असलं तर पळंल तरी, घरात तरी शिरंल. तुमी त्याचे पायच काढून घेताय, आन् वर म्हनताय राखण कर."

तात्या गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. कागदावर त्या जागेचं नाव व्रणोपचारक. काम म्हणजे बैलाच्या खांद्याची, गाईच्या सडाची, शेळीच्या खुराची जखम धुवायची, किडे काढायचे, औषध भरायचं. सगळी नोकरी त्यांनी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत काढली, त्यातली बरीच वर्षं डिंभ्याला, धरणाजवळ. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा बायको वारलेली होती आणि मुलगा पिंपरी-चिंचवडला कंपनीत होता. माणूस उंच, पाठीत जरासा वाकलेला, बोटं कायमची आयोडिननं पिवळी. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले तरी वास यायचा. मी एकदा तोंडावर म्हटलं, तर म्हणाले, "वास माझा न्हाई, खात्याचा हाय."

शेड त्यांनी कुत्र्यांसाठी बांधलं नव्हतं, कांदा ठेवायला बांधलं होतं. पण माळशेजच्या रस्त्यानं शहरातली माणसं फिरायला येतात. काहींच्या गाडीत येताना कुत्रं असतं आणि जाताना नसतं. ते कुत्रं मग दोन-दोन दिवस त्याच वळणावर बसून राहतं, प्रत्येक गाडी आली की उठतं. तात्यांनी असं एक उचलून आणलं, मग दुसरं, मग लोकच फोन करायला लागले. कांदा राहिला बाहेर. प्रत्येक कुत्र्याला ते इंजेक्शनं द्यायचे, जखमा धुवायचे, दवाखान्यातल्या डॉक्टरच्या मागं लागून नसबंदी करून घ्यायचे. नाव मात्र कुणाचंच ठेवायचे नाहीत. नर असला तर पाव्हणा, मादी असली तर पाव्हणी. "नाव घर देतं," म्हणायचे. "हितं समदी पावणं."

आणि कुत्रं द्यायचं तर ते मुलगी द्यावी तशी चौकशी करायचे. घरात सकाळी पहिलं कोण उठतं, कुत्रं झोपणार कुठं, एवढं विचारून झालं की शेवटी हमखास विचारायचे, "घरात कोन रडतं का?" ह्या प्रश्नाला लोक बिचकायचे. खोडदचा एक मनुष्य आला होता. तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर रखवालदार म्हणून नोकरी करून घरी बसलेला, मुलंबाळं नाहीत, दारूपायी बायको माहेरी निघून गेलेली. तो ह्या प्रश्नाला चपलेनं माती उकरायला लागला. तात्यांनी त्याला चांगलं धडधाकट कुत्रं दिलं नाही, तीन पायांचं दिलं. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, "त्याला कोनीतरी वाट बघनारं पायजे. धडकं कुत्रं हिंडाय जातं. हे दारातच बसंल." वर्षभरानं तो माणूस रस्त्यात भेटला, तर माझ्याशी पाऊण तास कुत्र्याबद्दलच बोलत होता. दारू सुटली का, हे मी विचारलं नाही, पण तोंडाला वास नव्हता. तात्यांना सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. "तीस वरसं मानसांनी जनावरं आनली आन् मी औषीद दिलं," म्हणाले. "आता मानसाला जनावरच देतो."

माझ्यावर त्यांच्याकडे जायची वेळ आमच्या दादांमुळं आली. दादा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्या आणि दादांनी बोलणं टाकलं. जेव म्हटलं की जेवायचे, नीज म्हटलं की निजायचे. बाकी वेळ पडवीत भिंतीकडं तोंड करून बसायचे. मी अंगणवाडीत जाते, आमचे हे मळ्यात, मुलगी कॉलेजला. घरात दिवसभर दादा आणि ती भिंत. डॉक्टरनं सगळं तपासलं, म्हणाला शरीरात काही नाही. किसनतात्या आणि दादा एका वर्गातले. ते एकदा बघायला आले, तासभर शेजारी बसले, एक शब्द मिळाला नाही. जाताना मला म्हणाले, "सूनबाई, घरात साखळी हाय का?"

साखळी होती. मी पिशवीत घालून घेऊन गेले. तात्यांनी ती हातावर घेतली, कडीन् कडी बोटांनी चाचपली आणि विचारलं, "हिच्यावर किती गेली?"

"दोन," मी म्हणाले.

त्यांनी ती खुंटीला अडकवली आणि कोपऱ्यातून एक तांबड्या रंगाचं, कान फाटलेलं कुत्रं पुढं आणलं. गळ्यात त्यांनीच स्वतःच्या जुन्या खाकी पट्ट्यातून शिवलेला पट्टा होता. "ह्यो लई चिकट हाय," ते म्हणाले. "घाटात तीन दिस बसला व्हता. मानूस सोडत न्हाई. त्याला बांधायचा न्हाई. घरात निजवायचा. कबूल?" मी कबूल म्हटलं. त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं असं आता वाटतं.

पहिले दोन दिवस दादांनी त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. ते आपलं त्यांच्या पायावर हनुवटी ठेवून पडून. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर दादा त्याला म्हणाले, "सरक."  दोन महिन्यांनंतर त्या माणसाच्या तोंडून निघालेला पहिला शब्द, आणि तो कुत्र्याला. मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. मग त्याचं नाव बंडू झालं. मग बंडूला बाहेर न्यायला म्हणून दादा उठायला लागले. आधी कालव्यापर्यंत, मग फाट्यापर्यंत. फाट्यावर हॉटेलात बसून लोकांशी बोलायला लागले. बंडूला बिस्कीट द्यायचं आणि स्वतःही भजी खायची, घरी येऊन नाही म्हणून सांगायचं. रात्री बंडू दादांच्या खाटेखाली. मुलगी म्हणायची, आजोबा घोरतात आणि बंडूपण घोरतो. तात्या आठवड्याला यायचे. बंडूच्या मानेवरचे केस उलटे करून बघायचे, कुठं दोरी-साखळीचा वळ दिसतो का. मी म्हणायचे, "तात्या, सासरी दिलेल्या लेकीची आई बी अशी झडती घेत न्हाई." ते म्हणायचे, "म्हनून सुना मरतात."

दोन वर्षं अशी गेली. मग मुलीला बघायला मंचरची माणसं यायची ठरली.

थंडीचे दिवस होते. स्थळ चांगलं होतं, मुलगा नोकरीला, घरची शेती. निरोप आला की मुलाची आई कुत्र्याला फार भिते. आणि बंडूची सवय अशी, की कुणीही आलं की दोन पाय छातीवर ठेवायचे. मी सकाळपासून पोहे, साड्या, पडदे ह्याच्यात बुडालेली. दुपार कलली, गाडी फाट्यावर आल्याचा फोन आला. बंडूला खोलीत कोंडलं तर तो दार खरवडून घर डोक्यावर घेणार. मी त्याला गोठ्यामागं नेलं. साखळी घरात नव्हती, म्हणून वासराचं दावं घेतलं, त्याच्या पट्ट्याला गाठ मारली आणि खांबाला बांधलं. तिथून वीस पावलांवर शेजाऱ्याचा ऊस. अर्धा ऊस तोडून झाला होता, अर्धा उभा होता. ऊसतोड चालू असताना बिबट्या घराकडं सरकतो, हे आमच्याकडच्या अंगणवाडीतल्या पोरालाही माहीत आहे. तासाभराचा तर प्रश्न आहे, असं मी स्वतःलाच म्हणाले. बंडू हलला नाही, भुंकला नाही. माझ्याकडं बघत बसला.

दादा नवी टोपी घालून बैठकीत बसले होते. "बंडू कुठाय गं?" त्यांनी विचारलं. "हाय मागं," मी म्हणाले. माणसं आली, बोलणी रंगली. मुलगी त्यांना आवडली हे मुलाच्या आईच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. दिवेलागणीला मी दुसऱ्यांदा चहा टाकला, तेव्हा मागं गाय एकदा जोरात फुरफुरली आणि दाव्याला हिसका बसल्याचा आवाज आला. वासरू असेल म्हणून मी साखर घातली. ते मला विसरता येत नाही. आवाज ऐकून मी चहात साखर घातली.

माणसं गाडीत बसली तशी मी मागं धावले. खांबाला हातभर दावं होतं, टोक दोऱ्या दोऱ्या सुटून पिंजलेलं. मातीत ओढल्याची खूण, रक्त, आणि कालव्याचं पाणी सुटलेल्या ओल्या पाटात ठसे. आमचे हे मागून आले. खाली बघून म्हणाले, "आत्ताच पसंती सांगून गेलीत. दारात रक्त सांडल्यालं कुनाला कळू देऊ नको." मी पाइप लावला, जागा धुतली, खराटा फिरवला. दाव्याचा तुकडा पेंडीच्या पोत्यामागं टाकला. पुढच्या अंगणात दादा हाका मारत होते. मी पदराला हात पुसत गेले आणि सांगितलं, "पाव्हण्यांच्या गाडीमागं पळाला वो दादा. येईल."

दादांनी फाटकाशी खुर्ची मागवली. आणि दुसऱ्या दिवशी किसनतात्या बंडूला शोधायला निघाले.

मला वाटलं होतं, चार दिवस शोधतील आणि सोडून देतील. मी तात्यांना ओळखतच नव्हते म्हणायचं. त्यांच्याकडं जुनी मोपेड होती. तिच्यावर ते गावोगाव हिंडले. एक दिवसाआड येऊन दादांना सांगायचे, खोडदला दुर्बिणीच्या कुंपणाजवळ तांबडं कुत्रं दिसलं म्हणून गेलो, त्यो नव्हता. ओतूरच्या बाजारात एक हाय म्हणतात, उद्या जातो. दादा विचारायचे, "किसना, माझं काय चुकलं असंल रं? त्याला मारलं न्हाई, उपाशी ठेवलं न्हाई." तात्या म्हणायचे, "कुत्रं आसं जात न्हाई. कायतरी झालंय. मी काढतो हुडकून." मी आत भाकरी थापत ऐकत असायचे. चार पावलांचं अंतर होतं. बाहेर येऊन सांगायला किती वेळ लागतो?

एक दिवस ते लंगडत आले. तोडलेल्या उसातून चालताना उसाचं बुडखं चपलेतून वर येऊन तळव्यात घुसलं होतं. तात्यांना साखरेचा आजार होता. "आवो, दवाखान्यात जा," मी म्हणाले. "मी काय कमी जखमा धुतल्यात का?" असं म्हणून त्यांनी पायाला फडकं गुंडाळलं आणि मोपेड पुढं काढली.

बंडूचा पट्टा ऊसतोडीवाल्यांना सापडला, शेजाऱ्याचा उरलेला ऊस तोडताना. तात्या कुत्रं शोधताहेत हे त्यांनाही माहीत होतं, म्हणून त्यांनी तो तात्यांनाच नेऊन दिला. तात्या तो घेऊन आमच्या घरी गेले नाहीत, अंगणवाडीत आले. मुलं खिचडी खात बसली होती. त्यांनी पट्टा माझ्या टेबलावर ठेवला. त्याच्या कडीत विताएवढं दावं होतं.

"ही गाठ जनावराच्या दाव्याची हाय," ते म्हणाले.

"व्हय."

"कोनी बांधला?"

"मी. पाव्हणे आले व्हते, तात्या."

ते लहान मुलांच्या खुर्चीवर बसले. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा नुसता थकलेला दिसला. "मी कुठं कुठं फिरलो सूनबाई," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "त्याला सांगितलंस?"

"न्हाई. दादा खचतील."

"खचलाय त्यो. त्याला वाटतंय, कुत्र्याला बी आपन नकोसं झालो. बिबट्यानं नेला म्हनलं तर रडंल, तुला शिव्या दील, आन् जेवंल. ह्ये असं रोज थोडं थोडं मरनं लई वंगाळ."

मी म्हणाले, मुलीचं लग्न वैशाखात धरलंय, पसंतीच्या दिवशी दारात असं झालं हे फुटलं तर अपशकुन मानतील, लग्न तेवढं होऊन जाऊ द्या. देवाची शपथ, मी स्वतः सांगते. तात्या उठले. "शपथ कशाला," ते म्हणाले. "सांग म्हंजी झालं." पट्टा त्यांनी खिशात घातला आणि माझ्याखातर तेही गप्प राहिले. त्यानंतर ते दादांना भेटायला आले नाहीत. दादांना वाटलं, किसनानंही आपला नाद सोडला.

लग्न झालं. मग म्हटलं, मुलगी पाचपरतावणाला येऊन जाऊ दे. ती आली, गेली. मग म्हटलं, आखाडात मुलगी माहेरी येईल तेव्हा, ती जवळ असली म्हणजे दादांना आधार होईल. ज्येष्ठात एका सकाळी मी चहा घेऊन फाटकाशी गेले तर दादा खुर्चीत गेलेले होते. मान रस्त्याकडं. मांडीवर बिस्किटाचा पुडा होता, तो रोजच असायचा.

दशक्रियेला नदीवर ही गर्दी होती. प्रवचन झालं, पुढाऱ्यांनी माइकवर श्रद्धांजल्या वाहिल्या. दादा शेवटपर्यंत समाधानी होते, असं एकजण म्हणाला, ज्यानं त्यांना कधी बघितलंही नव्हतं. पिंड मांडला. कावळे समोरच्या उंबरावर बसलेले, पण एक खाली येईना. आमचे हे हात जोडून म्हणाले, "दादा, शेतीचं नीट बघतो." नणंद म्हणाली, "दादा, आमी सगळी एकोप्यानं राहू." मुलगी रडत म्हणाली, "आजोबा, मी सुखात आहे." कावळा येईना. तात्या काठी टेकत माझ्यामागं येऊन उभे राहिले. पायाला भलंमोठं बँडेज होतं. हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, त्याला काय ऐकायचंय त्ये तुला ठावं हाय."

समोर पहिल्या रांगेत मंचरचे व्याही बसले होते, विहीणबाई डोळे पुसत होत्या. मी पदर तोंडात धरला आणि खाली बघत राहिले. ऊन चढलं. लोक चुळबुळ करायला लागले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिवला. मी वळून बघितलं तर तात्या घाट चढून चालले होते. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

चौदावा झाल्यावर मी पेंडीच्या पोत्यामागून दाव्याचा तुकडा काढला आणि शेडवर गेले. तात्या पाटावर पाय ठेवून स्वतःची जखम स्वतःच धूत होते. अंगठा काळा पडला होता. मी दावं पुढं केलं. त्यांनी ते घेतलं, उठले, खुंटीवरच्या सगळ्या साखळ्या बाजूला सारल्या. सगळ्यांच्या खाली, भिंतीला लागून, एक जुनी पितळी कड्यांची साखळी होती. तिच्याशेजारी त्यांनी दावं अडकवलं.

"ही माझी," ते म्हणाले. "डिंभ्याला क्वार्टरवर व्हतो. मोठं साहेब तपासनीला येनार व्हते, म्हनून बांधलं कुत्रं धरनाच्या बाजूला. बिबट्यानं दिवसाउजेडी नेलं. बायकोचा लई जीव त्याच्यावर. तिला सांगितलं, माझ्यामुळं गेलं. वरीसभर बोलली न्हाई माझ्याशी. ताट वाढायची आन् आत जायाची." मग म्हणाले, "पन तिला ठावं व्हतं, कुनावर रागवायचं. तुझ्या सासऱ्याला त्ये बी न्हाई मिळालं. त्यो सोतावरच रागावून गेला."

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग मी म्हणाले, "तात्या, मला एक कुत्रं द्या."

"न्हाई."

"मी दावं आणून दिलं."

"तुला शिक्षा करत न्हाई मी," ते म्हणाले. "मला भ्या वाटतंय."

मग मी रोज अंगणवाडी सुटल्यावर शेडवर जायला लागले. भाकरी करायची, शेड झाडायचं, पाणी भरायचं. ये म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. त्यांचा पाय घोट्यापर्यंत काळा झाला तेव्हा त्यांना शेडमध्ये हिंडणंही होईनासं झालं. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणायचे, "आन् ह्यांना कोन बघंल?" मी म्हणायचे, मी बघते. ते जखमेवरचं फडकं बदलायला लागायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या जखमा धुणाऱ्या माणसाचा पाय एका बुडख्यानं सडवला, आणि ते बुडखं त्यांच्या पायाखाली कुणी आणलं हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. एका शब्दानं त्यांनी ते कधी म्हटलं नाही.

भाद्रपदात मुलगा गाडी घेऊन आला आणि त्यांना पुण्याला न्यायला निघाला. गावातल्या लोकांनी येऊन कुत्री नेली. आपापली साखळी आणून खुंटीला लावली आणि नेली, हे मी डोळ्यांनी बघितलं. एक राहिली. म्हातारी, एका डोळ्यानं आंधळी पाव्हणी. ती सगळ्यात आधीपासून तिथं होती आणि तिला कुणीच कधी मागितलं नव्हतं. गाडीत बसवल्यावर तात्यांनी काच खाली करायला लावली.

"सूनबाई, पाव्हणीला तू ने," ते म्हणाले.

मी मान हलवली. पाव्हणीला जवळ घेतलं.

"घरात निजव. आन् मी माघारी येतो असं तिला सांगू नको. मी काय येत न्हाई."

ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. पाय कापला, तरी विष वर चढलं होतं. पाव्हणीला मी नाव ठेवलेलं नाही, तो अधिकार मला आहे असं वाटत नाही. ती आमच्या खोलीत निजते. दिवसा मात्र फाटकाशी, दादांची खुर्ची असायची त्याच जागी जाऊन बसते आणि चांगला डोळा रस्त्याकडं करते. मोपेडचा आवाज आला की उठते.

अंगणवाडीतून आले की मी तिच्या शेजारी जमिनीवर बसते. जाणारे-येणारे बघतात, बघू देत. "पाव्हणे, तात्या मेले," मी तिला सांगते. "तुला टाकून गेले न्हाईत. पायाला जखम झाली आणि मेले. ती माझ्यामुळं झाली." ती कान हलवते आणि रस्त्याकडं बघत राहते. दुसऱ्या दिवशी मी परत सांगते. तिला कळतं की नाही, मला ठाऊक नाही. दादांना एकदा सांगितलं असतं तरी कळलं असतं.